वाडा पाडा, पण आधी मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुणे पुरवणीत आमच्या पेठेतल्या दोन शेजारशेजारच्या वाड्यांची बातमी आली होती. एकाची कोरीव गणेशपट्टी आणि केळफुलांच्या महिरपी यांचा चार कॉलमी फोटो, आणि तो जतन होणार याचा आनंद. दुसरा एका ओळीत निकालात: दर्शनी भागात पाहण्यासारखं काही नाही, सबब पाडायला हरकत नाही. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल. कात्री आपल्या हातात आहेच, पण पुढे इंग्लंडमधल्या विल्मकोट या खेड्याचा मजकूर येतो, तेवढा कापू नये ही विनंती.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो. धरणाच्या दारांची, कालव्यांच्या मोऱ्यांची, सांडव्यांची ड्रॉइंग्ज काढण्यात जन्म गेला. त्यामुळे कुठेही गेलो की भिंत ओळंब्यात आहे का, खांब किती इंची, तुळई किती फुटांवर टेकलीय, हे आधी दिसतं; बाकीचं नंतर. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी देवाआधी खांब बघता. खोटं नव्हतं ते.

लेक बर्मिंगहॅमला असते. २०१७च्या मे महिन्यात तिच्याकडे होतो तेव्हा ती मला स्ट्रॅटफर्डला घेऊन गेली. शेक्सपिअर जिथे जन्मला ते घर पाहिलं. गर्दी इतकी की सारसबागेत दिवाळी पहाटेला आल्यासारखं वाटलं. मग तीच म्हणाली, "बाबा, चला, तुमच्या उपयोगाचं दाखवते." तिथून पाचेक किलोमीटरवर विल्मकोट नावाचं खेडं आहे, शेक्सपिअरचं आजोळ. त्याची आई मेरी आर्डन तिथल्या शेतकऱ्याची मुलगी. लहानसं स्टेशन, कालव्यावरचा पूल, आणि थोडं चालल्यावर दोन घरं. या दोन घरांची गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात फ्रेम करून लावावी, असं माझं मत आहे.

पहिलं घर लांबूनच डोळ्यांत भरतं. ओक लाकडाचा उघडा सांगाडा, उभ्या खांबांची दाट रांग, मधल्या चौकटी मातीने भरून वर चुन्याचा हात. खाली निळसर राखी दगडाचं जोतं. छप्पर म्हातारीच्या पाठीसारखं मधे खाली आलेलं. कॅलेंडरवर ट्यूडर घर म्हणून जे चित्र असतं ना, तंतोतंत तेच. ट्यूडर राजवट म्हणजे १४८५ ते १६०३. आपल्याकडे बहामनी राज्य मोडून आदिलशाही-निजामशाही उभ्या राहिल्या तिथपासून मालोजीराजांपर्यंतचा काळ धरा.

आवारात जुन्या पद्धतीचे पोशाख केलेली माणसं शेतावरची कामं करून दाखवत होती. भट्टीपाशी डोक्याला पांढरं फडकं बांधून पाव भाजणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, भिंत कशाची? त्यांनी शांतपणे सांगितलं: चौकटीत ओकच्या काठ्या उभ्या रोवायच्या, त्यांत हेझलच्या ओल्या फांद्या टोपलीसारख्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, चिरलेला पेंढा नि जनावरांचे केस यांचा गिलावा थापायचा. लेक भाषांतर करायला लागली. तिला म्हटलं, थांब, कळलं मला, हा कुड आहे. माझ्या आईच्या माहेरी, वेल्ह्याच्या डोंगरात, कारवीचे कुड होते. हेझलच्या जागी कारवी, बाकी शेण-माती तीच. साता समुद्रापलीकडे जाऊन कुडाची भिंत भेटली आणि तिला हात लावू नका अशी पाटी होती!

मापाची गोष्टही तीच. आपण वाड्याचं माप खणांत सांगतो: पाच खणी सोपा, तीन खणी माजघर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ही घरंही खणांतच मोजतात, आणि खणाखणानेच उभी करतात. सुतार आपल्या आवारात सगळा सांगाडा जमिनीवर आडवा मांडायचा, कुसू (लाकडाच्या टोकाची जीभ) आणि खाच जुळवून बघायचा, प्रत्येक जोडावर छिन्नीने रोमन आकडा टाकायचा. मग सगळं सुटं करून बैलगाडीतून जागेवर न्यायचं आणि आकड्याला आकडा लावून उभं करायचं. जोडांत लोखंड नाही, ओकच्या खुंट्या. त्यातही खुबी अशी की खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम केसभर मागेपुढे ठेवायचं. खुंटी ठोकली की ती जोड आपोआप आवळून घेते. लाकूड वापरायचं ते ओलं, कारण वाळलेल्या ओकवर छिन्नी चालत नाही. ते पुढे जागेवरच वाळतं, आवळतं, पिळवटतं, आणि म्हणून ही घरं अशी तिरपी दिसतात. लोक त्या तिरकेपणाचे फोटो काढत होते. मला मात्र वाटलं, चार-पाचशे वर्षांत एवढाच ओळंबा सुटला असेल तर सुताराला शाबासकी.

आणि तो काळा-पांढरा थाट? बराचसा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या हौसेचा. मुळात हे लाकूड तसंच सोडायचे, ते हळूहळू रुपेरी राखाडी व्हायचं, किंवा लाकूड-माती सगळ्यावर सरसकट चुना फिरवायचे. नंतर कुणीतरी डांबर फासलं आणि तेच 'अस्सल' ठरलं. आपल्याकडे जुन्या खांबांना चकाचक पॉलिश मारून 'पेशवेकालीन लूक' देतात, त्यातलाच प्रकार.

आता मुख्य मुद्दा. या देखण्या घराला शेक्सपिअरचं आजोळ ठरवलं कोणी? अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन नावाच्या स्थानिक गृहस्थाने. गाड्यांची चाकं करायचा, कविता करायचा, जुन्या गोष्टी गोळा करायचा. त्याने सांगितलं, लोकांनी मानलं. घर दिसायलाही तसंच होतं, मग शंका कोण घेणार? १९३० मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतलं, निगा राखली, आणि सत्तर वर्षं जगभरातले लोक तिथे येऊन भक्तिभावाने उंबरा ओलांडत राहिले.

आणि २००० साली कळलं की घर चुकलंय.

जमिनीच्या जुन्या दस्तांचा माग काढता काढता निघालं की ते घर ॲडम पामर नावाच्या शेजाऱ्याचं. आर्डनचं घर त्याच्या अगदी जवळचं, ग्लीब फार्म म्हणून ओळखलं जाणारं. तेही मग जाऊन पाहिलं. समोरून विटांची भिंत चढवलेली, साध्या खिडक्या, चारचौघांसारखा चेहरा. मी एकटा असतो तर कोणा मुकादमाचं घर समजून पुढे गेलो असतो. पण विटांच्या मागे लाकडी सांगाडा शाबूत होता. त्या लाकडाची वर्तुळं मोजली तेव्हा झाडं तोडल्याचं साल निघालं १५१४. मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला त्याच्याही शंभर वर्षं आधीचं.

हे दुसरं घर वाचलं कसं, तर जवळजवळ योगायोगाने. ट्रस्टने १९६८ मध्येच ते घेऊन ठेवलं होतं, आजोळ म्हणून नव्हे. त्या वर्षी कुणी म्हणालं असतं की दर्शनी भागात पाहण्यासारखं काही नाही, तर त्याला खोडून काढायला कोणाकडे काय होतं?

मला त्या ट्रस्टचं कौतुक आणखी एका गोष्टीसाठी वाटतं. त्यांनी पाटी बदलली. देखण्या घराला 'पामर्स फार्म' हे खरं नाव दिलं. सत्तर वर्षांची चूक आल्यागेल्याला स्वतःच्या तोंडाने सांगत होते. पाव भाजणाऱ्या बाईंनी मला ती हसत हसत सांगितली. आपल्याकडे असं काही निघालं असतं तर दोन समित्या, एक मोर्चा आणि शेवटी दोन्ही घरांवर आजोळाच्या पाट्या!

कागदांचं थोडं सांगायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे. 'मॅनर' म्हणजे आपल्या भाषेत जहागिरीसारखा प्रकार. गावचा धनी, त्याची कचेरी, आणि त्याच्याकडून जमीन धरणारे शेतकरी. शेतकऱ्याचं नाव कचेरीच्या गुंडाळीत चढायचं आणि त्या नोंदीची एक नक्कल त्याला मिळायची. जमीन त्याची असल्याचा पुरावा म्हणजे ती नक्कल, म्हणून त्या धारणेचं नावच 'कॉपीहोल्ड'. अहो, हा तर उतारा! सातबारा हातात धरून तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की तिकडे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा कागद कुणी उघडून वाचला आणि शेजारच्या घराच्या लाकडाशी ताडून पाहिला.

मेरीचे वडील रॉबर्ट आर्डन १५५६ मध्ये वारले. त्यांचं मृत्युपत्र आहे, आणि मागे राहिलेल्या चीजवस्तूंची यादीही आहे. आठ मुलींतली मेरी धाकटी, पण 'ॲस्बीज' नावाची जमीन तिला, वर उभं पीक तिला, शिवाय दहा मार्क रोख. यादीत बैल, गाई, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या, मधमाश्यांची पोळीसुद्धा. आणि भिंतीवर टांगायचे रंगवलेले पडदे अकरा. भिंतीवर लावायचे विणलेले गालिचे घेण्याची ऐपत नसलेल्या, पण चार माणसांत मान असलेल्या शेतकऱ्याच्या घरी चित्रांचे कापडी पडदे असत. या एका ओळीवरून मला ते घर जेवढं दिसलं तेवढं कुठल्याही कोरीवकामावरून दिसलं नसतं. आमच्या आजीच्या मागे राहिलेल्या भांड्यांची कुणी अशी यादी केली असती तर? आमच्याकडे भांडणं झाली, यादी झाली नाही.

धुराबद्दलही एक सांगतो. जुन्या पद्धतीच्या घरात मधला दालनवजा भाग छपरापर्यंत मोकळा असायचा आणि जमिनीवर मधोमध आगटी. धूर छपरातून वाट काढायचा, जाता जाता वासे काळे करायचा. ट्यूडर काळ संपत आला तसे लोक विटांची धुराडी बांधायला लागले. धूर बंदिस्त झाला, तसा त्या मोकळ्या भागावर माळा घालून वर खोल्या काढता आल्या. एसेक्समधल्या एका पाद्र्याने १५७७ मध्ये लिहून ठेवलंय की गावातली म्हातारी माणसं आपल्या हयातीत बदललेल्या तीन गोष्टी सांगतात, आणि त्यातली पहिली म्हणजे जिकडेतिकडे झालेली धुराडी. आजही अशा घराच्या माळ्यावर चढून वासे काजळलेले दिसले, तर अभ्यासक सांगतात की हे घर धुराड्याच्या आधीचं. म्हणजे काजळी हा पुरावा आहे. आमच्याकडे माजघराच्या तुळईवरची काजळी खरवडून आम्ही ऑइल पेंट दिला होता, फिकट हिरवा.

आता आमच्याकडे येतो.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. दोन चौकी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुराने पुढची भिंत, दिंडी दरवाजा, ढेलज, पुढच्या सोप्याचे दोन खण हे सगळं नेलं. मागचा चौक राहिला. वर्षभरात काकांनी पुढे विटांची भिंत घातली, सिमेंटचा गिलावा, लोखंडी गज, एक शटर. त्या दिवसापासून आमचा वाडा रस्त्यावरून बासष्ट सालच्या चाळीसारखा दिसू लागला. आत गेलं की उथळ्यांवरचे, म्हणजे दगडी बैठकींवरचे, सागवानी खांब, कडीपाट, भेंड्यांच्या भिंती, पाण्याचा हौद. पण आत येणार कोण? भाडेकरू, दूधवाला आणि जप्तीवाला.

पुण्याचे वाडे मुळातच रस्त्याकडे पाठ करून बसलेले असतात. बाहेर भक्कम, कोरी भिंत आणि एक दरवाजा. सगळं वैभव आत, चौकाकडे तोंड करून. विश्रामबागवाड्यासारखा रस्त्यावरून मिरवणारा वाडा हा अपवाद. तेव्हा दर्शनी भाग बघून पुण्यातल्या वाड्याची किंमत ठरवणं म्हणजे नारळ शेंडीवरून पारखणं.

वाडा २००८ मध्ये पाडला. त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. अकरा बिऱ्हाडं, दोन संडास, काही भाडी अठरा रुपये महिना. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर घमेली मांडून झोपायचो. दर जूनमध्ये धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटायची. वाड्यात कधीही न राहिलेली मंडळी वाडा संस्कृतीवर भाषणं करतात तेव्हा मला त्यांना त्या दोन संडासांच्या रांगेत सकाळी सातला उभं करावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये १९४७च्या कायद्यापासून जुन्या इमारतींच्या याद्या आहेत, आणि यादीतल्या घराची खिडकी बदलायची तर परवानगी लागते. तसा कायदा आमच्यावर लादला असता तर आधी घमेली संपली असती, मग आम्ही. आज त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि गुडघ्यांना ती लागते.

मला बोचतं ते वेगळंच. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती मोजल्या आणि माझ्या स्वतःच्या वाड्याचं एक ड्रॉइंग काढलं नाही.

पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी मी कोपऱ्यावर उभा होतो. जेसीबीने मागच्या सोप्याची तुळई ओढली, तिचा हिरवा ऑइल पेंट सोलला गेला आणि खाली लाकडात छिन्नीच्या रेघा दिसल्या. एकीवर तीन उभ्या, दुसरीवर तीन उभ्या आणि एक तिरपी. कावळ्याच्या पायासारखी एक खूण खांबाच्या माथ्यावर. लाकूड विकत घेणाऱ्याचा माणूस सीएफटीत, म्हणजे घनफुटांत, माप घेत होता. मी त्याला म्हटलं, जरा थांब, हे उतरवून घेतो. तो म्हणाला, काका, ट्रक उभा आहे. खिशात पीएमटीचं तिकीट होतं, त्याच्या पाठीवर दोन खुणा आणि एका तुळईचं माप लिहिलं: दहा इंच बाय बारा, लांबी चौदा फूट. बाकी सगळं टिंबर मार्केटमध्ये गेलं आणि तिथून कुणाच्या तरी बंगल्यातला झोपाळा, कुणाचं तरी डायनिंग टेबल झालं असेल. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. तेवढाच आमच्या वाड्याचा नकाशा.

नऊ वर्षांनी विल्मकोटमध्ये सुताराच्या रोमन आकड्यांची हकिगत ऐकली तेव्हा लेकीला म्हटलं, जरा बसतो. तिला वाटलं, दमलो.

आमचा वाडा कुठल्या काळातला होता? आजोबा म्हणायचे सवाई माधवरावांच्या. आत्या म्हणायची नाना फडणवीसांच्या एका कारकुनाने बांधला. घरात एक मोडी कागद होता, देव्हाऱ्यामागे पितळी डबीत, वर्षातून एकदा हळदकुंकू वाहून परत ठेवायचा. वाडा पाडताना तो एका जाणकाराकडे नेला. त्यांनी चष्मा पुसून वाचला आणि म्हणाले, म्हशीच्या खरेदीचा आहे. आमच्या तीन पिढ्यांनी म्हशीच्या पावतीला नमस्कार केला. जॉर्डनसाहेबांना मी हसत नाही ते यामुळे.

खरं उत्तर त्या तुळईत होतं. झाड दर वर्षी एक वर्तुळ वाढवतं. बऱ्या वर्षी रुंद, वाईट वर्षी बारीक. रुंद-बारीकची ही ओळ एखाद्या सहीसारखी असते. ज्यांचं साल माहीत आहे अशा लाकडांशी ती जुळवत मागे गेलं की झाड कधी तोडलं ते सांगता येतं. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत अशी स्पष्ट वर्तुळं असतात, आणि आपला साग त्यातला एक. गंमत म्हणजे सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास आपल्याच पाषाणच्या आयआयटीएममध्ये, उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, झालेला आहे. नारायण पेठेतून पाषाणला रिक्षाने जाता येतं. आमच्या तुळईचा एक फुटी तुकडा कापून ठेवला असता, तर तिच्यात कदाचित १७९१-९२च्या कवटीच्या दुष्काळाची बारीक रेघ सापडली असती आणि आजोबा आणि आत्या कितपत खरे, हे कळलं असतं. अडचणी आहेत, मला ठाऊक आहे. सुतार बाहेरचा पांढरा पट्टा तासून टाकतो, त्यामुळे शेवटची वर्तुळं जातात आणि नेमकं साल हाती लागत नाही. तुलनेसाठी पुष्कळ नमुने लागतात. पण हे नमुने येणार कुठून? वर्षाला वाड्यामागून वाडा ट्रकमध्ये चढतोय. एकेका तुकड्याने जे संग्रहालय झालं असतं त्यावर लोक पोळ्या लाटत आहेत.

म्हणून मागणी एवढीच. वारसा यादीत असो वा नसो, शंभर वर्षांहून जुन्या वाटणाऱ्या कोणत्याही वाड्याला पाडण्याची परवानगी देण्याआधी त्याची मोजणी झालेली असावी. वाडा थांबवा म्हणत नाही. मालक, बिल्डर, भाडेकरू यांची एक दिवसाचीही खोटी होऊ नये. जी महिनोन्‌महिने फाइल फिरते त्या वेळातच हे होतं.

मोजणी म्हणजे काय ते माझ्या अनुभवावरून सांगतो. दोन माणसं, तीस मीटरची टेप, ओळंबा, पाण्याची लेव्हल पट्टी. सहा खणी चौक एका दिवसात होतो. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, म्हणून चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण घ्यायचेच. ते चुकवले की घरी येऊन कागदावर चौकोन मिटत नाही. प्रत्येक मजल्याचा नकाशा, चौकातून एक छेद, एका खांबाचं खालच्या उथळ्यापासून माथ्यावरच्या हस्तापर्यंतचं मोठ्या मापाचं चित्र. एखादा जोड सुटा होताना तिथे हजर राहून कुसू कसं कापलंय ते उतरवायचं, कारण बांधलेल्या घरात ते दिसत नाही, पाडतानाच दिसतं. सुताराच्या खुणा असतील तर त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसे घ्यायचे. तुळईचा एक फूट, शक्यतो बाहेरच्या कडेसकट, वर कोणत्या खणातली ते लिहून. आणि देव्हाऱ्यामागच्या, माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या मोडी कागदांचे फोटो. म्हशीची पावती असली तरी. म्हशीच्या पावतीवर तारीख असते, पेठेचं नाव असतं, विकणाऱ्याचं नाव असतं.

हे करायला वास्तुकलेची मुलं आहेत, पुण्यात अशी महाविद्यालयं काही कमी नाहीत. त्यांना दर वर्षी मोजणीच्या अभ्यासासाठी जुनी इमारत लागतेच, आणि बसेस भरून ती कुठल्या कुठे नेली जातात. कागद ठेवायला १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत उभं आहे. रुमालांत बांधलेलं पेशवे दफ्तर आपल्याच शहरात आहे. वाड्यांचे नकाशे आणि हे रुमाल यांची एकमेकांशी गाठ घालून द्या, विल्मकोटसारखं काही ना काही निघेल. कदाचित तुम्ही फोटो छापलेला कोरीव वाडा नंतरच्या एखाद्या सावकाराच्या हौसेचा निघेल आणि शेजारचा बिनचेहऱ्याचा वाडा त्याच्याहून शंभर वर्षांनी थोरला.

पत्राची तोंडी ट्रायल मी संबंधित कार्यालयात आधीच घेतली. खिडकीतल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा हितसंबंध काय? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग अर्ज कोणत्या सदरात घेऊ?

बातमीतल्या त्या दुसऱ्या वाड्याच्या मालकांना मी ओळखत नाही. काल संध्याकाळी मुद्दाम त्या गल्लीतून चालत गेलो. पुढचा गिलावा सिमेंटचा, वर पत्र्याची शेड, खाली झेरॉक्सचं दुकान बंद पडलेलं. दार अर्धं उघडं होतं म्हणून डोकावलो. बोळाच्या टोकाला चौकाचा उजेड दिसत होता आणि त्यात एक खांब, चौरस उथळ्यावर, वर निमुळता होत गेलेला. रंग फिकट हिरवा.

मालकांच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कचेरीत निरोप ठेवावा. टेप माझ्याकडे आहे, ओळंबाही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे मिलिमीटर पुन्हा दिसायला लागलेत. माळ्यावर मात्र आता चढवत नाही, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त आरेखक
नारायण पेठ, पुणे ३०